परभणीचा शिक्का

पाईकराव सिस्टरांशी माझं पहिलं भांडण झालं ते पट्टीवरून.

करंगळीला पत्रा लागलेला कॉलेजातला एक पोरगा आला होता. जखम गव्हाच्या दाण्याएवढी. सिस्टर तिच्यावर जी पट्टी गुंडाळत बसल्या होत्या ती बैलाच्या पायालाही पुरून उरली असती. मला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते आणि त्या अकरा दिवसांत वैद्यकशास्त्रातली एकच गोष्ट मी पुरती आत्मसात केली होती, ती म्हणजे स्टॉक रजिस्टर.

"सिस्टर, करंगळीला चार मीटर पट्टी?"

त्यांनी मान वर केली नाही. "थांबा साहेब. पट्टी संपली की त्याचं बोलणं संपंल."

पोरगा तर गप्प बसला होता. मी तसं म्हणालो.

"तुमी येईपर्यंत बोलून राहिला होता," सिस्टर म्हणाल्या.

मी गळ्यातला स्टेथोस्कोप सावरून बाहेर पडलो. तो स्टेथोस्कोप मी तेव्हा फक्त झोपताना आणि आंघोळीला काढत असे. एकदा आंघोळीलाही विसरलो होतो, पण ते असो.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. डोंगरकडा आणि आखाडा बाळापूर या दोन गावांच्या पंचक्रोशीत कुठेतरी होता, एवढं पुरे. पुढे जे घडलं त्यात दोष दवाखान्याचा नाही, माझा आहे, आणि माझ्या दोषासाठी एखाद्या गावाचं नाव खराब व्हावं हे बरं नाही. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिथे रुजू झालो. रुजू व्हायच्या दिवशी एसटीतून धूळ खात उतरलो, तर दारात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक भारदस्त गृहस्थ उभे. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि अर्धा तास "सर, सर" करत माझी गुणपत्रिका दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, "अच्छे मार्क्स हैं" म्हणाले आणि माझ्या हजेरीचा कागद करायला बसले. ते आमचे लिपिक खानबाबू. मोठे साहेब आठवड्यातून दोनदा नांदेडहून यायचे. बाकीचे दिवस दवाखान्याचा राजा मी.

आणि राज्य चालवायच्या पाईकराव सिस्टर. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, ठेंगण्या, सावळ्या, चालताना डाव्या पायावर किंचित भार देणाऱ्या. खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा. कुणाला चक्कर आली की आधी गूळ, मग मला हाक. चहा उकळता पिणार, बशी कधी वापरली नाही. "चहा थंड करत बसायला येळ कोणाला हाय," म्हणायच्या आणि तीन घोटांत कप रिकामा. हा घसा कशाचा आहे ते बॅटरी घेऊन पाहावं असं मला डॉक्टर म्हणून फार वाटायचं.

पण चहाला नसलेला वेळ त्यांना पंधरा ते पंचवीस या वयाच्या पेशंटसाठी मात्र भरपूर असे. मोटारसायकलवरून पडलेला असो, पोटात दुखत असो, चक्कर येऊन पडलेली पोरगी असो, इंगळी चावलेली असो. सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसणार, पट्टी किंवा सलाईन किंवा नुसता बीपीचा पट्टा हातात घेणार, आणि मान खाली घालून तेच तीन प्रश्न विचारणार.

काल जेवण कोणासंग केलंस?

झोप कशी येऊन राहिली?

येत्या बाजारातून काय आणणार?

मला वाटायचं, बाईंना भोचकपणाची सवय आहे. खेड्यात असतेच. मग एकदा पट्ट्यांची चोरी पकडावी म्हणून मी लोखंडी कपाटामागे बसून बंडलं मोजत होतो, तेव्हा चौथा प्रश्न ऐकला. पलीकडे सोळा-सतरा वर्षांची एक पोरगी होती, शेतात चक्कर येऊन पडलेली. तिन्ही प्रश्न झाले. मग सिस्टरांनी, सुईची ॲलर्जी आहे का हे ज्या आवाजात विचारतात, त्याच आवाजात विचारलं, "मरावं वाटून राहिलं का, माय?"

माझ्या हातातलं बंडल घरंगळत थेट त्यांच्या स्टुलाखाली गेलं. मी त्याच्यामागून रांगत बाहेर आलो. डॉक्टरांनी कपाटामागून रांगत यावं याचं त्या पोरीला जास्त आश्चर्य वाटलं की प्रश्नाचं, सांगता येत नाही. ती खुदकन हसली.

"मरून काय करू बाई? बहिणीचं लगीन हाय. हिरव्या बांगड्या आणायच्यात बाजारातून."

ती गेल्यावर मी सिस्टरांना फैलावर घेतलं. हे काय विचारणं झालं? कोवळं वय, नाही ते डोक्यात भरेल. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

सिस्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमी दिवसातून पन्नास जणांना इचारता, पोटात दुखतं का म्हणून. तुमी इचारलं म्हणून कोणाच्या पोटात दुखायला लागलं का आजपर्यंत?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणून मी म्हणालो, "ते वेगळं." उत्तर सुचलं नाही की मी तेव्हा हेच म्हणत असे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

हे त्यांना कुणी शिकवलं, यावर दवाखान्यात मतं होती. कुणी म्हणे त्यांची बहीण तशी गेली. कुणी म्हणे मुंबईला ट्रेनिंग झालं. मी एकदा विचारलंच.

"कोणी मेलं म्हणूनच इचारावं लागतं काय?" सिस्टर म्हणाल्या. "बाजारात पावशेर मिरची घेतानी आपण मोडून बघतो, वास घेतो. मग लेकरू घरी पाठवतानी न बघता काहून पाठवायचं?"

आता शिक्क्याकडे येतो.

नातेवाईक खाटेजवळ असले की सिस्टर हे प्रश्न विचारत नसत. आधी नातेवाइकांना बाहेर काढत. तरण्या पेशंटच्या कागदावर शिक्का लागतो, तो मागच्या बाजूला खानबाबूंच्या खोलीत मिळतो, जा, मारून आणा. आई, बाप, सासू, दीर, सगळे उठून निघायचे. सरकारी शिक्क्याचं नाव काढलं की आमच्याकडचा माणूस जेवणाच्या ताटावरूनही उठतो. जाताना प्रत्येक जण न चुकता एक वाक्य बोलून जाई, "तसं लेकरू हसून खेळून असतं बाई." सिस्टर म्हणत, "व्हय व्हय," आणि स्टूल ओढत.

तिकडे खानबाबूंचं काम वेळ काढायचं. "बैठो. शाई सूख गई. पाणी टाकतो." मग चष्मा सापडायचा नाही. मग रजिस्टर. मग गावचं नाव, शिवार कोणतं, पाऊस कसा. वीस मिनिटांनी शिक्का उमटायचा आणि तोवर इकडे चार मीटरची पट्टी संपलेली असायची.

शिक्का गोल होता, जांभळा होता, आणि त्यावर लिहिलेलं होतं "जि. परभणी".

जिल्हा वेगळा झाल्यावर जुने शिक्के बाद झाले, ते जमा करायचे होते. त्यातला एक खानबाबूंनी जमा केला नाही. त्या शिक्क्याला कायद्याचा काही अर्थ नव्हता, कुठल्याही कागदाला तो लागत नव्हता, आणि त्यावरचं नाव आता दुसऱ्या जिल्ह्याचं होतं हे एकाही नातेवाइकाच्या लक्षात आलं नव्हतं. शिक्का गोल असला की झालं, अक्षरं सरकारनं वाचायची.

लक्षात आलं ते माझ्या. गुणपत्रिकेतले अच्छे मार्क्स उगीच नव्हते.

मी खानबाबूंच्या खोलीत गेलो, शिक्का उचलला आणि सगळ्यांना बोलावून एक छोटंसं भाषण केलं. बाद झालेला शिक्का वापरणं गैर आहे. गोरगरीब रुग्णांच्या नातेवाइकांना विनाकारण हेलपाटे घालायला लावणं तर त्याहून गैर आहे. यापुढे हे बंद. खानबाबू काहीतरी बोलणार होते, त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं.

"मग नातेवाइकांना कुठं पाठवू?" सिस्टरांनी एवढंच विचारलं.

"कुठेच नाही. इथेच बसू दे की पेशंटजवळ. बिचारे लांबून येतात."

आणि माझी हुशारी इथेच थांबली नाही. शिक्का टेबलाच्या खणात ठेवून मी कुलूप लावलं, आणि मोठ्या साहेबांच्या मागे लागून खाटांशेजारी नातेवाइकांना बसायला एक लांबलचक सागवानी बाक आणवला. त्या बाकाचा मला फार अभिमान होता. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवत असे.

पाच आठवडे बाक भरलेला राहिला आणि शिक्का खणात.

सहाव्या आठवड्यात सटवाजी आपल्या पोराला घेऊन आला. धनगर माणूस, डोंगरकड्याच्या शिवारात त्यांची मेंढरं असत. पोराचं नाव बालाजी, वय एकोणीस. बाळापूरच्या रस्त्यावर ट्रक त्यांच्या कळपात घुसला होता. मेंढरं बालाजीच्या ताब्यात होती आणि त्याचा बांधाला टेकून डोळा लागला होता. बारा मेंढरं जागेवर गेली. धावताना त्याच्या पायात काच घुसली. सहा टाके पडले.

टाके घालताना मी त्याला हसवत होतो. माझा तेव्हा समज होता की हसणारा पेशंट म्हणजे निम्मा बरा. मी म्हणालो, "आता मेंढरांना रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायला शिकव बाबा." बालाजी हसला. हे मी अजून विसरलेलो नाही. तो हसला.

एरवी नातेवाइकांसमोर न विचारणाऱ्या सिस्टर त्या दिवशी मात्र पट्टी घेऊन बसल्या. सटवाजी माझ्या बाकावर, हातभर अंतरावर.

"काल जेवण कोणासंग केलंस रे?"

"जेवतो की," सटवाजी बाकावरून म्हणाला. "दोन भाकरी मोडतो."

"झोप कशी येऊन राहिली?"

"झोप?" पुन्हा सटवाजी. "झोपूनच तर मेंढरं मारली त्यानं."

सिस्टरांनी पट्टीचा आणखी एक वेढा घेतला. "येत्या बाजारातून काय आणणार?"

"बाजाराला मी जातो. ह्यो न्हाई जात." सटवाजी उठला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "तसं हसून खेळून असतंय बाई लेकरू."

सिस्टर माझ्यामागे व्हरांड्यात आल्या. "साहेब, ह्याला आजच्या दिवस ठेवून घेऊ."

"सहा टाक्यांना? कशासाठी?"

"तीन प्रश्न इचारले. तिन्हीची उत्तरं बापानं दिली."

मला ते हास्यास्पद वाटलं. बाप जवळ असला की बापच बोलणार. मी म्हणालो, "ते वेगळं," आणि परवा ड्रेसिंगला ये असं सांगून बालाजीला घरी पाठवलं.

परवा तो आला नाही. तेरवाही नाही. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या खोलीत आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या. त्यामुळे मीच उभा राहिलो.

"साहेब, शिक्का द्या."

मग पहिल्यांदा त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. शिक्का कशासाठी, खानबाबूंची शाई का वाळते, पट्टी चार मीटर का लागते. पोरं आईबापासमोर खरं बोलत नाहीत, आणि आईबापाला "बाहेर जा" म्हटलं तर संशय घेतात, पोराला घरी नेऊन धमकावतात. शिक्क्याला जा म्हटलं की कुणालाच काही वाटत नाही.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

मला खणाची किल्ली सापडेना. ती माझ्या स्टेथोस्कोपला बांधलेली होती. सिस्टरांनीच दाखवली.

त्या दिवशी डोंगरकड्याचा बाजार होता. खानबाबू लुना घेऊन गेले. बाजारात शिरतानाच सटवाजी दिसला आणि त्यांनी चारचौघांत त्याला खणखणीत आवाजात ऐकवलं, "सटवाजी, पोराच्या कागदावर शिक्का नाही. केस अधुरी है. आत्ताच्या आत्ता पेशंट को लेके आना." सटवाजी बाजार अर्ध्यावर सोडून घरी गेला आणि दुपारी पोराला घेऊन हजर झाला. मग तो मागच्या खोलीत शाई वाळायची वाट पाहत बसला.

मी कपाटामागे होतो. या वेळी बंडलं मोजायला नाही.

सिस्टरांनी बालाजीची पट्टी सोडली आणि नवी घेतली.

"काल जेवण कोणासंग केलंस?"

"न्हाई केलं. परवा बी न्हाई."

"झोप?"

"डोळा लागला की हॉर्न ऐकू येतो."

"येत्या बाजारातून काय आणणार, बाबू?"

"काय न्हाई."

"कायच न्हाई?"

"मी नसंन तवा."

पट्टीचे दोन वेढे झाले. सिस्टरांचा आवाज तोच, सुईच्या ॲलर्जीचा. "मरावं वाटून राहिलं का?"

"व्हय."

"कवा ठरवलं?"

"आजच होतं," बालाजी म्हणाला. एसटी किती वाजता आहे ते सांगावं तसा. "बाप बाजाराला गेल्यावर. पर बाप लवकर परत आला. शिक्का राहिला म्हणाला."

मी कपाटाला धरून उभा होतो. हा तोच पोरगा होता जो माझ्या विनोदाला हसला होता. मी पाच वर्षं शिकून, परीक्षा देऊन, गळ्यात रबराची नळी घालून त्याचे सहा टाके मोजले होते.

सिस्टर घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत, उपदेश केला नाही. घरात काय ठेवलंय, कुठे ठेवलंय ते विचारून घेतलं. "ते मी आजच बाहेर काढायला लावते," म्हणाल्या. "आता तू इथंच राहायचं. घरात कोणासंग बोलणं होतं तुझं?"

"कोणासंगच न्हाई. बाप बोलंना मेंढरं गेल्यापासून."

सटवाजीला बोलावलं. पोराला विचारून, त्याच्यासमोरच, सिस्टरांनी त्याला सरळ सांगितलं. सटवाजी माझ्या बाकावर बसला. बोलला ते भलतंच.

"मी त्याच्यासाठी चप्पल पाहून राहिलो होतो बाजारात. पायाला पट्टी हाय ना, म्हणून ढिली पाहिजे होती. मापाची मिळंना."

बालाजीनं तेव्हा बापाकडे पाहिलं.

तो चार दिवस आमच्याकडे राहिला. सटवाजी आणि त्याची बायको आळीपाळीनं खाटेजवळ. घरातलं जे काढायचं ते खानबाबूंनी स्वतः जाऊन काढलं. मग मी नांदेडच्या मनोविकाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. ती तीनदा फाडून लिहिली, कारण 'पायाला सहा टाके' याच्यापुढे मला काय लिहायचं ते येत नव्हतं. पुढे तीन महिने बालाजी आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला यायचा. जखम दहाव्या दिवशीच भरली होती. सिस्टर बऱ्या झालेल्या पायाला चार मीटर पट्टी गुंडाळायच्या आणि स्टॉक रजिस्टरवर मी मुकाट्यानं सही करायचो.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लग्नकार्यात सांगितली असती, आणि शेवटी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असती.

पण सिस्टरांनी ओपीडीचं रजिस्टर आणून माझ्यासमोर ठेवलं. शिक्का माझ्या खणात होता त्या पाच आठवड्यांत पंधरा ते पंचवीस वयाचे एकोणीस पेशंट येऊन गेले होते. सगळी अक्षरं माझी. चक्कर, पोटदुखी, पडला, भाजली, चक्कर.

"ह्यांना कोणी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

आम्ही निरोप धाडले. एसटीच्या कंडक्टरांबरोबर, दूधवाल्यांबरोबर, पोस्टमनबरोबर. कागदावर शिक्का राहिला आहे, पेशंटला घेऊन या. आणि मग जी झुंबड उडाली. खऱ्या पेशंटबरोबर खोटेही येऊ लागले. शिक्का नसेल तर पुढे तकलीफ होते अशी आवई उठली. एक आजोबा सात वर्षांपूर्वीच्या हर्नियाचा कागद घेऊन आले. एका बाईनं रेशनकार्डावर मागितला. एकानं लग्नाच्या पत्रिकेवर मारून द्या म्हणून खानबाबूंशी वाद घातला, आणि खानबाबूंनी मारलाही. आम्ही तीन-चार दिवस हसत होतो. सिस्टर स्टुलावरून उठत नव्हत्या. एकेका नावापुढे त्या रजिस्टरात बारीक टिंब करत होत्या. अठरा टिंबं झाली. त्यातल्या एकाला ठेवून घ्यावं लागलं.

एकोणिसावा कागद घेऊन धनसिंग आला. तीन कोसांवरच्या तांड्यावरचा, चाळिशीतला शेतकरी माणूस. एकटाच आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यानं घडी न मोडलेला कागद काढला. अनिता धनसिंग, वय सतरा, चक्कर. खाली माझी सही, लफ्फेदार.

मी तेव्हा फार उत्साहात होतो. म्हणालो, "अहो, असं चालत नाही. नुसता कागद काय आणता? पेशंट कुठाय? पेशंटला घेऊनच यायचं, तसा निरोप होता ना?"

"ती न्हाई साहेब," धनसिंग म्हणाला. "नऊ दिवस झाले."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी विचारलं, "कुठे गेली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. "आपल्या हातानं गेली. पर निरोप आला, कागद अधुरा हाय म्हणून. सरकारचा कागद अधुरा नको म्हणून घेऊन आलो. शिक्का मारून द्या."

खानबाबूंनी शिक्का शोधायला सुरुवात केली. तो त्यांच्या समोरच होता. ते खण उघडत होते, मिटत होते, रजिस्टरं उचलून बघत होते. शेवटी शिक्का मी उचलला. शाई भरपूर होती. मी तो अनिताच्या कागदावर मारला. सतरा आणि चक्कर या दोन शब्दांच्या मधोमध उमटला, जि. परभणी. धनसिंगनं कागदावर फुंकर घातली, शाई वाळू दिली, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

मला ती पोरगी आठवत होती. आईबरोबर आली होती. आई बाकावर बसली होती, मीच बसवली होती. "जेवते का?" मी विचारलं होतं. आई म्हणाली होती, "जेवते." मी टॉनिक लिहून दिलं होतं आणि आईला विचारलं होतं, "बाक कसा आहे?"

सिस्टर धनसिंगजवळ जाऊन बसल्या. पाणी दिलं. गुळाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला, तो त्यानं तसाच मुठीत धरला. एसटीला दीड तास होता. दीड तास त्या त्याच्या शेजारी बसून होत्या. तो निघताना त्यांनी विचारलं, "घरी आणखी लेकरं?"

"दोन हायेत. एक पोरगं, एक पोरगी."

"आणि त्यांची माय?"

"बोलत न्हाई ती."

"तिघांना घेऊन ये. बुधवारी." मग त्याची पिशवी त्याच्या हातात देत, "आणि तू बी."

"शिक्क्याला का?"

"न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "शिक्क्याला न्हाई. माझ्याकडं."

संध्याकाळी व्हरांड्यात मी त्यांना विचारलं. विचारायला नको होतं, पण मी तोच, ज्याला गप्प बसता येत नाही. म्हणालो, "सिस्टर, तुम्ही विचारलं असतं तर वाचली असती का?"

त्यांनी समोरचा चहा तीन घोटांत संपवला.

"वाचली असती असं मी म्हणणार न्हाई साहेब. ते कोणाला ठाऊक. इचारलं न्हाई, एवढं मात्र बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी मी बाक उचलायला लावून व्हरांड्याच्या पार टोकाला, खानबाबूंच्या खोलीसमोर ठेवला. तिथे तो शेवटपर्यंत होता. धनसिंग बुधवारी आला, चौघं आली. सिस्टर रिटायर होईपर्यंत त्यांचं येणं सुरू होतं.

मग माझी बदली झाली. एक-दोन गावं फिरून मी हिंगोलीत आलो. तिथे माझ्या वॉर्डात मी हीच रीत लावली होती. शिक्का नवा करून घेतला होता, त्यावर नाव बरोबर जिल्ह्याचं होतं. तो मारायला एक वयस्कर बाबू होते, त्यांना मी शाई वाळवायला शिकवलं. खानबाबूंची सर नव्हती, पण बरे होते.

एका दुपारी मोटारसायकलवरून पडलेला एक अठरा वर्षांचा पोरगा आला. गुडघा फुटलेला. वॉर्डातली नवी सिस्टर स्टूल ओढून बसली आणि त्याच्याबरोबर आलेल्या आजीकडे कागद देत म्हणाली, "आजी, एवढा शिक्का मारून आणा. मागच्या खोलीत मिळतो."

आजीनं कागद घेतला आणि ती तशीच उभी राहिली. डाव्या पायावर किंचित भार देऊन. मी फाईलमधून वर पाहिलं. पाईकराव सिस्टर होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनीही मला पाहिलं.

"शिक्का लागतोच का साहेब?"

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. मी हसणार होतो. मग चेहरा पाहिला. त्या थट्टा करत नव्हत्या.

"लागतो सिस्टर," मी म्हणालो.

"माझा नातू हाय," त्या म्हणाल्या. "तसं हसून खेळून असतंय लेकरू."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. तोंडावर हात गेला. पोरगा खाटेवर मान खाली घालून बसला होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, कागदाची घडी घातली आणि निघाल्या.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मागची खोली पंधरा पावलांवर होती. त्या तिकडे वळल्याच नाहीत. पटांगणाला लांबचा वळसा घालून, लिंबाखालून, सायकली लावतात तिथून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत त्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर गेल्या आणि बाकड्यावर बसल्या. चहावाल्यानं कप पुढे केला. त्यांनी बशी मागून घेतली.

कपातला चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायल्या नाहीत. बशीतला परत कपात ओतला. मग पुन्हा बशीत.

इकडे नव्या सिस्टरनं पट्टीचं बंडल सोडलं आणि मान खाली घालून विचारलं, "काल जेवण कोणासंग केलंस रे?"

पोरगा सुटत जाणाऱ्या पट्टीकडे पाहत राहिला. मग बोलायला लागला. मी खिडकीपासून बाजूला झालो, वॉर्डाबाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.